ठोका ढोलाचा, घुमारा खोलीचा

ढोल वाजवणे अधिक कठीण, की वाजलेला ढोल ध्वनिमुद्रिकेवर उतरवणे अधिक कठीण? वादकाला विचाराल तर तो एक उत्तर देईल, ध्वनिमुद्रकाला विचाराल तर तो दुसरे देईल, आणि गंमत अशी की दोघेही खरेच सांगत असतील. गवयाचा गळा, सतारीची तार, बासरीची फुंकर मायक्रोफोनपुढे आली म्हणजे बरीचशी आपल्या मूळ रूपात राहते. ढोलाचे तसे नाही. त्याचा ठोका क्षणात येतो, क्षणात जातो, आणि जाताना आजूबाजूच्या भिंती, छप्पर, जमीन यांना हालवून जातो.

साधा अनुभव घ्या. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतले ढोलताशांचे पथक पेठेतल्या अरुंद रस्त्यावरून जाताना ऐका आणि तेच पथक मोकळ्या मैदानावर सराव करताना ऐका. ढोल तेच, टिपरू तेच, हातही तेच. पण रस्त्यावर जो आवाज छातीत शिरतो, तोच मैदानावर पातळ होऊन वाऱ्यावर जातो. फरक कशाने पडला? दुतर्फा उभ्या असलेल्या घरांच्या भिंतींनी. म्हणजे ज्याला आपण ढोलाचा आवाज म्हणतो, तो नुसता ढोलाचा नसतो. त्यात जागेचा वाटा असतो, आणि ऐकणारा किती अंतरावर उभा आहे याचाही असतो.

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पाश्चात्त्य रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणातला एक मोठा चमत्कारिक इतिहास सहज उलगडत जातो. या संगीतातले ढोल तबकडीवर नीट उतरावेत म्हणून कोणी ढोलात लोकरीचा स्वेटर कोंबला, कोणी जिन्याच्या कठड्याला सायकलच्या क्लिपांनी मायक्रोफोन अडकवले, तर कोणी वादकाला चक्क जिन्याखाली बसवले. हकिकती वाचताना हसू येते. पण त्या साऱ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच होता: कान कुठे ठेवायचा? ढोलाला चिकटून, की ढोलापासून दूर? आणि त्याच्याही मागे दुसरा एक प्रश्न होता: ढोल वाजवणारा माणूस सबंधच्या सबंध ऐकवायचा, की त्याच्या हातापायांचे तुकडे करून ऐकवायचे?

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. रॉक संगीतात ज्याला नुसते ‘ड्रम्स’ म्हणतात, तो खरे म्हणजे एक संसारच असतो. पायाने वाजवायचा मोठा ढोल, खालच्या बाजूस तारा ताणलेला खणखणीत स्नेअर, लहानमोठे टॉम आणि दोनचार झांजा. पूर्वी या कामाला दोनतीन माणसे लागत. पायाने ढोल वाजवण्याचा खटका सुधारून १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी तो विकायला आणला, आणि एकट्या माणसाने दोन हात, दोन पाय वापरून सगळे वाजवणे सोपे झाले. म्हणजे चार-पाच वाद्ये, पण माणूस एक. ध्वनिमुद्रकाची अडचण नेमकी इथेच सुरू होते.

वीज येण्यापूर्वीच्या काळात तर ढोल म्हणजे मोठेच संकट होते. तेव्हा गायक-वादक एका कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरत जाई. मोठ्या ढोलाचा ठोका पडला की सुई उडालीच. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या जाझ वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रिचमंड येथे झाले, तेव्हा बेबी डॉड्स या नामांकित वादकाला मोठा ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर काम भागवावे लागले. त्याच वाद्यवृंदात तरुण लुई आर्मस्ट्राँग होता. त्याच्या कॉर्नेटचा आवाज इतका दमदार, की त्याला इतरांपासून दूर उभे केले होते. माणसांना मागेपुढे उभे करणे एवढेच तेव्हाचे तंत्र! १९२५ पासून विजेवर चालणारे मायक्रोफोन आले आणि ढोलाला तबकडीवर प्रवेश मिळाला. तरी पुढची तीस वर्षे त्याला घरच्या मोलकऱ्यासारखेच वागवले गेले. गायकासाठी उत्तम मायक्रोफोन, आणि ढोलासाठी कुठेतरी वर टांगलेला एखादा. रॉक संगीत आले आणि हा मोलकरी घराचा धनी व्हायला निघाला.

आता आपण १९५७ सालात जाऊ. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात क्लोव्हिस नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे नॉर्मन पेटी यांनी स्वतःचा स्टुडिओ बांधला होता. टेक्सासमधला बडी हॉली हा तरुण गायक आपले सोबती घेऊन तेथे येत असे. ‘पेगी स्यू’ या गाण्यात जेरी अ‍ॅलिसन हा वादक सबंध गाणेभर टॉमवर एकसारखी द्रुत लय धरून आहे. त्याचा आवाज इतरांच्या मायक्रोफोनमध्ये शिरू लागला, तेव्हा पेटींनी त्याला उचलून बाहेरच्या दालनात बसवले. मग त्याचा आवाज त्यांनी प्रतिध्वनीच्या खोलीत सोडला, पण एकसारखा नव्हे. गाणे चालू असता हाताने ते कधी तो आत सोडत, कधी तोडत. त्यामुळे तोच ढोल क्षणात जवळ येतो, क्षणात लांब जातो. वादक तसूभरही हललेला नाही, हलली ती खोली! त्याच वर्षीच्या ‘एव्हरीडे’ या गाण्यात ढोल नाहीच. अ‍ॅलिसन आपल्या मांड्यांवर थापा मारतो आहे. आणि ‘नॉट फेड अवे’ या गाण्यात त्याने पुठ्ठ्याचे खोके बडवले आहे. ठोका चांगला हवा, तो कशावर पडतो याला महत्त्व नाही, हा धडा क्लोव्हिसने घालून दिला.

हाच धडा लंडनमध्ये जो मीक या विक्षिप्त गृहस्थाने फार पुढे नेला. हॉलोवे रोडवर ३०४ क्रमांकाच्या घरात, खाली चामड्याच्या वस्तूंचे दुकान आणि वरच्या मजल्यांवर त्याचे बिऱ्हाड नि स्टुडिओ. जागा अपुरी, यंत्रे जोडून-सांधून केलेली. १९६४ साली हनीकोम्ब्ज या वाद्यवृंदाचे ‘हॅव आय द राइट’ हे गाणे त्याने तेथे केले. या वृंदात ड्रम्सवर हनी लँट्री ही तरुणी होती, आणि त्या काळी ती मोठी नवलाची गोष्ट समजली गेली. पण मीकला तिचा ठोका आणखी भारदस्त हवा होता. त्याने मंडळींना लाकडी जिन्यावर उभे केले, पाय आपटायला सांगितले, आणि जिन्याच्या कठड्याला सायकलच्या क्लिपांनी मायक्रोफोन अडकवले. गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले! विकत घेणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना ठाऊक होते, की आपण एका बिऱ्हाडाचा जिना ऐकतो आहोत?

मीक आपल्या घरचा धनी होता, त्याला विचारणारे कोणी नव्हते. पण मोठ्या कंपनीत, जेथे नियम आहेत, जेथे वरिष्ठ आहेत, तेथे असे कसे चालायचे? त्यासाठी लंडनमधल्याच अ‍ॅबी रोडवरील ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओत डोकावले पाहिजे. या स्टुडिओचा कारभार एखाद्या सरकारी कचेरीसारखा शिस्तीचा. यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ पांढरे डगले घालून वावरत. मायक्रोफोन कुठे, किती अंतरावर ठेवायचा याचे दंडक ठरलेले होते. ढोलाच्या फार जवळ मायक्रोफोन न्यायचा नाही, हा त्यांतलाच एक. कारण मोठे साधे होते. पायाच्या ढोलातून निघणारा हवेचा धक्का मायक्रोफोनच्या नाजूक पडद्याला इजा करील ही भीती. नियम मूर्खपणाचा नव्हता. मायक्रोफोन महाग असतात, आणि ते सांभाळणे हे कोणाचे तरी कर्तव्य असते.

६ एप्रिल १९६६ रोजी बीटल्स मंडळी नव्या संग्रहाचे काम सुरू करायला या स्टुडिओत आली. ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीवर जेफ एमेरिक हा मुलगा नुकताच बसला होता. वय अवघे वीस. पहिलेच गाणे निघाले ते ‘टुमॉरो नेव्हर नोज’, बीटल्सच्या तोवरच्या सगळ्या गाण्यांहून निराळे. ठोकाही तसाच निराळा हवा होता. एमेरिकने काय केले? पायाच्या ढोलाजवळचा मायक्रोफोन उचलला आणि कोणी कधी नेला नव्हता इतका जवळ नेला. जवळ नेल्यावर ढोलाचा लांबत जाणारा गुंजारव त्रास देऊ लागला. शेजारीच चार गळ्यांचा एक लोकरी स्वेटर पडला होता. बीटल्सच्या एका छायाचित्रासाठी चौघांनी मिळून घातलेला. तो त्याने ढोलात कोंबला. गुंजारव मेला, उरला तो कोरा, घट्ट ठोका.

पुढची पायरी लिमिटर नावाच्या यंत्राची. मूळ काम असे, की आवाज फार चढला तर त्याला दाबून धरायचे, म्हणजे तबकडी बिघडत नाही. पहारेकरीच म्हणा ना. एमेरिकने फेअरचाइल्ड कंपनीचा असा एक पहारेकरी घेतला आणि रिंगो स्टारच्या ड्रम्सवर इतका करडा बसवला, की ठोका पडताच तो दाबला जाई आणि ठोका ओसरू लागला की यंत्राची पकड सुटून मागची आस वर उसळून येई. झांज वाजून विरायच्या ऐवजी फुगत जाते आहे असे वाटे. जे यंत्र आवाजाला शिस्त लावायला आणले होते, त्यालाच एमेरिकने वाद्य बनवले. नियम मोडल्याबद्दल वरिष्ठांची विचारणा झाली. शेवटी परवानगी मिळाली, पण तीही फक्त बीटल्सच्या ध्वनिमुद्रणापुरती, असे एमेरिकने पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कोणत्याही कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

इथून ‘जवळच्या काना’चे युग सुरू झाले. १९६९ पर्यंत बीटल्सनी ढोलांवर स्वयंपाकघरातली फडकी पसरायला आरंभ केला. ‘कम टुगेदर’ या गाण्यातले टॉम ऐका. तो दबलेला, मऊ, जणू कानाशी कुजबुजणारा ठोका फडक्यांचा आहे. खोली त्यात नाहीच. वादक आपल्या खांद्याशी येऊन बसल्यासारखा वाटतो.

पण थांबा. जवळ जाण्याचा मार्ग एवढा एकच नव्हता. १९६८ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ या गाण्यासाठी फिलिप्स कंपनीचा साधा कॅसेट रेकॉर्डर पुढे ठेवला. चार्ली वॉट्स हा त्यांचा वादक लहानशा पेटीत मावणाऱ्या, १९३० च्या सुमारास बनलेल्या खेळण्यातल्यासारख्या ड्रम्सवर बसला. एवढ्याशा यंत्राला एवढा आवाज सोसेना. तो आत चेपला गेला, किंचित फाटला, आणि त्या चेपण्यातूनच त्याला धार आली. मग ती कॅसेट मोठ्या स्टुडिओत कर्ण्यातून वाजवून पुन्हा मोठ्या फितीवर घेतली. स्टुडिओत लाखमोलाची यंत्रे असताना खेळण्याने काम साधले ते असे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. जवळ जाऊन वाद्य स्पष्ट ऐकू येते हे खरे, पण वादकाचे काय? स्नेअरला एक मायक्रोफोन, टॉमला दोन, पायाच्या ढोलाला एक, झांजांना आणखी दोन, असे करता करता एका माणसाच्या वाजवण्याचे सहा तुकडे होतात, आणि ते पुन्हा जोडण्याचे काम ध्वनिमुद्रकाच्या बोटांवर येते. ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाला हे मान्य नव्हते. त्याचे म्हणणे सरळ होते: चांगला वादक आपला तोल स्वतःच सांभाळतो, कुठला ढोल किती वाजावा हे तो हातानेच ठरवतो, आपण फक्त चांगल्या जागी उभे राहून ऐकावे. १९६८ साली लेड झेपेलिन या नव्या वृंदाचा पहिला संग्रह करताना, एक मायक्रोफोन वरती आणि दुसरा बाजूला मोठ्या टॉमच्या अंगाने, असे ठेवलेले दोन आवाज त्याने योगायोगाने डाव्या नि उजव्या बाजूला सोडून पाहिले. सबंध ड्रम्स डोळ्यांपुढे उभे राहिले!

यात एक मेख होती, ती समजून घेण्यासारखी आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्नेअरपासून एक मायक्रोफोन जवळ आणि दुसरा लांब असला, तर तोच ठोका दोघांना किंचित पुढेमागे पोचतो आणि एकत्र करताना एकमेकांना खातो; आवाज पोकळ होतो. म्हणून दोन्ही मायक्रोफोन स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. हे अंतर मोजायला दोरीचा तुकडाही पुरतो. पायाच्या ढोलापुढे एक आणि फार तर स्नेअरजवळ एक मायक्रोफोन जोडायचा. झाले. ‘ग्लिन जॉन्सची रीत’ म्हणून ही पद्धत जगभरचे विद्यार्थी आजही शिकतात.

याच ग्लिनचा धाकटा भाऊ अँडी जॉन्स. दूरच्या कानाची सर्वांत गाजलेली हकिकत त्याच्या नावावर आहे. इंग्लंडातल्या हँपशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची एक जुनी इमारत आहे. १७९५ साली ती गोरगरिबांना ठेवण्यासाठी बांधली गेली; १८३० साली शेतमजुरांच्या दंग्यात तिच्यावर हल्लाही झाला होता. पुढे ती खाजगी मालकीची झाली. १९७० च्या डिसेंबरात आणि १९७१ च्या जानेवारीत लेड झेपेलिन मंडळी तेथे मुक्कामाला गेली. बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओगाडी उभी केली आणि तारा खिडक्यांतून आत ओढल्या.

इमारतीच्या दर्शनी दिवाणखान्यातून जिना थेट वरच्या मजल्यांपर्यंत चढत गेला होता, मध्ये उंच पोकळी. जॉन बोनहॅमचा नवा ड्रमसेट या दिवाणखान्यात मांडला गेला. अँडी जॉन्सने काय करावे? ढोलाजवळ एकही मायक्रोफोन ठेवला नाही. बायर कंपनीचे दोन जर्मन मायक्रोफोन त्याने वर जिन्याच्या सज्जावरून खाली रोखले. ठोका खाली पडे, भिंतींवर आपटत जिन्याच्या पोकळीतून वर चढे, आणि वर पोचेपर्यंत घर सोबत घेऊन येई. त्यावर त्याने आवाज दाबून धरणारे यंत्र लावले आणि बिन्सन नावाच्या इटालियन यंत्राचा प्रतिध्वनी जोडला. असे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणे तयार झाले. मूळ गाणे १९२९ सालचे, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या दांपत्याचे. १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरावरचे. आता विचार करा: बांध फुटण्याचे गाणे, आणि त्याच्या आरंभी पुराच्या लोंढ्यासारखा सावकाश, जड पावलांनी येणारा हा ठोका. खोली इथे शोभेपुरती आलेली नाही. गाण्याचा अर्थच ती सांगते. संग्रह नोव्हेंबर १९७१ मध्ये बाहेर पडला.

एक गोष्ट मात्र विसरू नये. दोनच मायक्रोफोन, तेही दूर. म्हणजे नंतर कुठला ढोल वाढवू म्हटले तर वाढवता येत नाही, कुठला लपवू म्हटले तर लपवता येत नाही. वादक कच्चा असता तर त्या जिन्याने त्याची सगळी लक्तरे टांगली असती. दूरचा कान वादकावर विश्वास टाकतो, आणि त्याची परीक्षाही घेतो.

खोली आणि अंतर यांचे गणित पुढे एका शास्त्रज्ञाने मांडले. क्वीन या वृंदातला गिटारवादक ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. खगोलशास्त्रातली डॉक्टरेट त्याने अर्धवट सोडली होती, ती २००७ साली पुरी केली. १९७७ साली लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत ‘वी विल रॉक यू’ हे गाणे झाले. स्टुडिओ म्हणजे पूर्वीची चर्चची वास्तू. तेथे पडलेल्या जुन्या फळ्यांवर मंडळींनी पाय आपटले, टाळ्या वाजवल्या. ड्रम्स त्यात नाहीतच. मग मूठभर माणसांचा मोठा जमाव कसा करायचा? साधा प्रतिध्वनी लावला असता तर रिकाम्या सभागृहाचा भास झाला असता. मेने प्रत्येक आघाताच्या अनेक प्रती थोड्याथोड्या उशिराने सोडल्या, आणि हे उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे ते एकमेकांत मिसळून सूर धरणार नाहीत. ऐकणाऱ्याला वाटते, आपण माणसांच्या गर्दीत उभे आहोत. कोणी जवळ, कोणी लांब. या गाण्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, पाळण्यातले नाव फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तेथेच पहिल्या वाद्यवृंदात वाजवू लागला, हे मराठी वाचकाला जाता जाता सांगायला हरकत नाही.

इथवरच्या सगळ्या युक्त्या खऱ्या खोल्यांच्या होत्या. पण त्याच सुमारास यंत्रे अशी निघाली, की त्यांना खोलीची गरजच उरली नाही. १९७६ साली फ्रान्समध्ये एरूव्हिल येथील वाड्यात डेव्हिड बोवीच्या ‘लो’ या संग्रहाचे काम चालले होते. तेथे टोनी व्हिस्कॉन्टी याने इव्हेंटाइड कंपनीचे हार्मोनायझर यंत्र डेनिस डेव्हिसच्या स्नेअरला जोडले. ठोका पडला की त्याचा सूर खाली खाली घसरत जाई, चेंडू पायऱ्यांवरून गडगडावा तसा. डेव्हिसला हा बदललेला आवाज वाजवता वाजवताच कानात ऐकू येत होता, आणि तो त्याच्याशी खेळून आपला हात हलका-जड करत होता. हे कसे केले असे इतर ध्वनिमुद्रक विचारू लागले, पण व्हिस्कॉन्टीने दाद दिली नाही.

१९७९ साली मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट येथे मार्टिन हॅनेट याने मात्र वेगळेच केले. जॉय डिव्हिजन या तरुण वृंदाच्या पहिल्या संग्रहासाठी त्याने वादक स्टीफन मॉरिसला प्रत्येक ढोल वेगवेगळा वाजवायला लावला. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळता कामा नये म्हणून. मग एकेका ठोक्याला संगणकी पद्धतीच्या यंत्राने किंचित उशिराचा प्रतिध्वनी दिला. आवाज असा निघाला, की जणू थंड, रिकाम्या कारखान्यात कोणी एकटाच वाजवतो आहे. परिणाम विलक्षण झाला यात शंका नाही. पण वादकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चारी हातापायांनी एकदम बोलणारा माणूस, आणि त्याला सांगायचे की आधी उजव्या हाताचे तेवढे बोल, डाव्याचे मग पाहू!

या दोन पक्षांचा, जवळच्या कानाचा आणि दूरच्या कानाचा, अखेर एका अपघाताने मेळ बसला. लंडनमधल्या टाउनहाउस स्टुडिओत दगडी भिंतींची एक खोली होती. १९७९ साली तेथे पीटर गेब्रियलच्या तिसऱ्या संग्रहाचे काम चालू होते. निर्माता स्टीव्ह लिलिव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम, आणि ड्रम्सवर फिल कॉलिन्स. गेब्रियलची अट अशी, की झांजा वाजवायच्या नाहीत. आतल्या वादकांचे बोलणे बाहेर ऐकू यावे म्हणून छताला एक मायक्रोफोन टांगलेला होता. माणूस कोपऱ्यातून हळू बोलला तरी ऐकू यावे यासाठी त्यावर आवाज दाबून-उचलून सारखा करणारे यंत्र पक्के बसवलेले. ध्वनिमुद्रणाशी त्या मायक्रोफोनचा काही संबंध नव्हता. तो नुसता निरोप्या. एकदा तो चालू असताना कॉलिन्स वाजवू लागला, आणि खोलीचा घुमारा असा उसळून आला की बाहेरचे सगळे चमकले. पण निरोप्याची तार फितीपर्यंत जातच नव्हती. ती नव्याने जोडून घ्यावी लागली.

वर पॅडगमने ‘गेट’ नावाची खिटी जोडली. आवाज ठरावीक पातळीखाली आला की ही खिटी दार लावून टाकते. म्हणजे ठोका पडतो, दगडी खोली गर्जते, आणि गर्जना पुरी व्हायच्या आत फटकन शांतता! निसर्गात अशी खोली कुठेही नाही. जवळच्या कानाचा घट्टपणा आणि दूरच्या कानाचा विस्तार, दोन्ही एकाच ठोक्यात. झांजा नव्हत्या म्हणूनच हे साधले. त्यांची लांब आस असती तर दार लागलेच नसते. ‘इंट्रूडर’ या गाण्यातून १९८० साली हा आवाज प्रथम जगापुढे आला. १९८१ च्या आरंभी कॉलिन्सच्या स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्यात तीन मिनिटांहून अधिक वेळ वाट पाहायला लावून तो एकदम कोसळला, आणि मग साऱ्या जगाला तोच हवासा झाला.

आणि जे सर्वांना हवे असते ते बटणावर येते, हा आपल्या युगाचा नियम. थोड्याच वर्षांत दगडी खोलीचा हा तुटका घुमारा पेटीबंद यंत्रातून मिळू लागला. १९८० सालीच रॉजर लिन याने खऱ्या ढोलांचे ठोके साठवून ठेवणारे ताल-यंत्र बाजारात आणले. न दमणारे, न चुकणारे, बिदागी न मागणारे. स्टुडिओत ड्रम्स वाजवून पोट भरणाऱ्या माणसांच्या काळजात धस्स झाले असेल तर नवल नाही. इकडे जॉन बोनहॅम सप्टेंबर १९८० मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी वारला. पण १९८६ साली बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या मंडळींनी त्या जिन्याखालच्या ठोक्याचा तुकडा उचलून आपल्या गाण्याखाली घातला, आणि नंतर अनेकांनी तेच केले. वादक नाही, घरातली ती थंडी नाही, पण ठोका चालूच आहे.

मग तंत्राने वादकाला खाल्ले म्हणायचे का? मला तसे सरसकट म्हणवत नाही. एमेरिकचा स्वेटर, मीकचा जिना, पॅडगमचा निरोप्या मायक्रोफोन, या सगळ्यांत समोर वाजवणारा एक माणूस होता आणि ऐकणारा दुसरा. युक्ती सुचली ती दुसऱ्याने पहिल्याला नीट ऐकले म्हणून. कॉलिन्सने बाहेरून आलेला आवाज ऐकून वाजवण्याची रीत बदलली. डेनिस डेव्हिसने यंत्राशी जुगलबंदी केली. ही देवघेव आहे तोवर यंत्र हे वाद्यच होय. फक्त बटण उरते आणि ऐकणे संपते, तेव्हा खरे नुकसान होते; कारण त्या बटणात जी खोली कोंडलेली असते, ती कोणीतरी एकदा कान देऊन शोधलेली असते.

तेव्हा, वाचकहो, संधी मिळाली तर तीन गाणी लागोपाठ ऐकून पाहा: ‘कम टुगेदर’, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आणि ‘इन द एअर टुनाइट’. पाश्चात्त्य संगीताची गोडी असायलाच हवी असे नाही. शब्द सोडून द्या, गिटारही सोडून द्या. ढोलाचा ठोका पडला की त्याच्या मागून काय येते एवढेच ऐका. पहिल्यात फडकी ऐकू येतील, दुसऱ्यात जिना, तिसऱ्यात दार. मग आपल्याकडचा तबला, ढोलकी, पखवाज ऐकतानाही एखाद्या वेळी मनात येईल, की बोटांखालचा हा बोल आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या कोणी तरी मायक्रोफोन कुठे ठेवावा याचा बराच विचार केलेला असणार.